रेकॉर्डरची घुर्रघुर्र बाबांना झोपू देत नाही, काय करावं?

ओलितवाला | २ मार्च, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आमचं घर दारव्हा तालुक्यात, कवेलूचं. बाहेरच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. मधली आडभिंत मात्र आजोबांच्या वेळची, सागवानी फळ्यांची. पुढच्या खोलीत त्याच आडभिंतीवर एक फळी ठोकून टीव्हीचा सगळा पसारा मांडला आहे, आणि तिच्याच बाजूला डोकं करून बाबांची बाज असते.

सध्या शेतीच्या लाईनची पाळी रात्रीची आहे. गव्हाचं शेवटचं ओलित चालू आहे. बाबा सहाला जेवतात, साडेसहाला पडतात आणि साडेनऊला उठून मोटर चालू करायला वावरात जातात. पासष्टी झाली, मी एकटा जातो म्हटलं तर ऐकत नाहीत. संध्याकाळचं कीर्तन आणि बाजारभाव नेमके त्यांच्या झोपेच्या वेळेत लागतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्कवाला रेकॉर्डर घेतला. सकाळी उठले की चहासोबत बघतात. म्हणजे ते झोपले की हा बॉक्स कामाला लागतो, अडचण तिथेच आहे.

आवाज मोठा नाही. दिवसा कुणाला दाखवायला गेलो तर "कुठे काय?" म्हणतात. पण अजून पंखे सुरू झाले नाहीत, आजूबाजूला सामसूम असते, तेव्हा घुर्र... घुर्र... अशी लय धरून तो चालतो आणि मधूनच कटकट करतो. बाबा म्हणतात, "आवाज कानाले नाही लागत, डोक्यात लागते." काल मी स्वतः त्यांच्या बाजेवर दहा मिनिटं पडून पाहिलं. उशीत कान खुपसला तरी तो येतोच.

आतापर्यंत दोन गोष्टी केल्या. बॉक्सखाली टॉवेलची घडी ठेवली, आवाज थोडा कमी झाला, पण तासाभरात बॉक्स इतका तापला की घाबरून काढली. मग फळीचे स्क्रू चांगले आवळले. त्यानं आवाज उलट वाढला! हे का झालं ते मला अजून कळलेलं नाही. कुणी हा त्रास भोगून निस्तरला असेल तर कृपया सांगा.


डिशवाला_मूल | २ मार्च, रात्री १०.३०

भाऊ, मी डिशच्या छत्र्या बसवायचं काम करतो, असे बॉक्स रोज हाताळतो. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रेकॉर्डिंग लावलं नसलं तरी डिस्क फिरतच असते. चालू कार्यक्रम थांबवता यावा, मागे नेऊन बघता यावा म्हणून बॉक्स लागलेला चॅनल सतत डिस्कवर लिहीत असतो. रिमोटनं बंद केला, लाल दिवा लागला, तरी बऱ्याच बॉक्समध्ये डिस्क थांबत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन पॉवर सेव्हिंग किंवा डीप स्टँडबाय अशा नावाचं काही आहे का ते बघा. ते चालू केलं की काम नसताना डिस्क थांबते आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बॉक्स आपोआप जागा होतो. सगळ्याच कंपन्यांच्या बॉक्समध्ये असं होत नाही, काही जागेच होत नाहीत, म्हणून एक दिवस पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग लावून खात्री करा. बाबा पहाटे परत येऊन झोपतात तेव्हा तरी शांतता मिळेल.

आणि एक विनंती. आवाज नको म्हणून थेट भिंतीवरचं बटण बंद करू नका. आधी रिमोटनं बंद करा, एखादा मिनिट जाऊ द्या, मग बटण. लिहिता लिहिता वीज गेली तर रेकॉर्डिंगची फाईल खराब होते. लाईन गेल्यावर आपला इलाज नसतो, पण आपल्या हातानं तरी ते करू नये.


टॉपलिंक | ३ मार्च, सकाळी ७.१५

रामराम भाऊ. मी चांदूर बाजारकडचा, ट्रॅक्टरचं काम करतो. तुमचा आवाज नेमका कुठून येऊन राह्यला ते आधी पाहा, मंग इलाज करजा. आमच्या इकडे इंजिनात कोणतं बेरिंग वाजते ते पाह्यचं असलं तं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतो, टोक इंजिनाले लावतो अन् मूठ कानाच्या हाडाले. जे वाजते ते कानात असं येते का शेजारी उभं राहून कोणी बोलून राह्यला. तुमच्या बॉक्सच्या भायेरच्या पत्र्याले टोक लावा, मंग फळीले, मंग आडभिंतीले, मंग बाजेले. कोठी जास्त येते ते लिहून ठेवा. टोक भोकातून आत घालायचं नाही, आत करंट राहते.


सोयाबीन_९३०५ | ३ मार्च, सकाळी ८.०२

त्याहून सोपं. चालू बॉक्स दोन्ही हातांनी उचलून धरा. आवाज गेला तर फळीचा, राहिला तर बॉक्सचा.


अकोल्याची_लेक | ३ मार्च, सकाळी ९.२०

दादा, कल्पना बरोबर आहे, पण चालू बॉक्स उचलू नका. हार्ड डिस्कची तबकडी फिरत असताना वाचणारं टोक तिच्यावर केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. उचलताना धक्का बसला तर ते तबकडीला घासतं आणि ओरखडा कायमचा राहतो. हेच असं करा: बॉक्स बंद करा, डिस्क पूर्ण थांबू द्या, बाजेवर जाड गादी घालून त्यावर बॉक्स ठेवा आणि मग चालू करून दोन-तीन मिनिटं ऐका. तेवढ्यात तापणार नाही. नंतर पुन्हा बंद करूनच उचला.

बाकी सविस्तर संध्याकाळी लिहिते. मी पुण्यात एका कारखान्यात यंत्रांची कंपनं मोजण्याचंच काम करते, विषय माझा आहे.


ओलितवाला | ३ मार्च, दुपारी २.४०

सगळ्यांचे आभार. दोन्ही प्रयोग केले, जे कळलं ते सांगतो.

गादीवर ठेवलेला बॉक्स जवळजवळ गप्प होता. कान वीतभर नेला तर बारीक गूंऽऽ आणि पंख्याची थोडी खरखर. हाच बॉक्स फळीवर ठेवला की सगळी आडभिंत बोलायला लागते.

टॉपलिंक भाऊ, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि खरंच अचंबा वाटला. बॉक्सच्या पत्र्यावर जेवढा आवाज आला त्यापेक्षा जास्त फळीच्या मधोमध आला. आडभिंतीवर सर्वांत जास्त कुठे, तर फळीपासून दोन हात लांब, जिथे बाबांची बाज भिंतीला टेकली आहे तिथे. मातीच्या भिंतीला टोक लावलं तर काहीच नाही, एकदम मुकी.

आणखी एक सापडलं. फळीच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीचा स्टॅबिलायझर आहे. त्यालाही टोक लावून पाहिलं, तोही गुणगुणतो, रेकॉर्डरपेक्षा किंचित वरच्या सुरात. स्टॅबिलायझर उचलून खाली जमिनीवर ठेवला तर घुर्र... घुर्र... ही लय नाहीशी झाली! आवाज आहे, पण एकसारखा, सरळ. हे कसं काय?


नादकाटा | ३ मार्च, संध्याकाळी ६.१०

आयुष्यभर आर्वीकडच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

स्टॅबिलायझरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची. तिच्या प्रत्येक फेऱ्यात लोखंडाचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो. तुमच्या रेकॉर्डरची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असावी, अशा बॉक्समध्ये बहुधा तीच असते. ५४०० ला ६० नं भागा, सेकंदाला ९० फेरे. एक सूर ९० चा, दुसरा १०० चा, दोन्ही एकाच फळीवर. असे जवळजवळचे दोन सूर एकत्र वाजले की कधी एकमेकांना जोर देतात, कधी मारतात, आणि हे सेकंदाला जितका फरक तितक्या वेळा होतं, इथे दहा वेळा. तीच तुमची घुर्रघुर्र. तंबोरा लावताना दोन तारा नीट जुळल्या नसतील तर जो थरथराट कानाला येतो, तो याच जातीचा. तारा जुळत येतात तसा तो संथ होतो आणि जुळल्या की थांबतो.

आता आडभिंतीचं. मी वर्गात नादकाटा रबरी हातोडीनं वाजवून हातात उंच धरायचो आणि विचारायचो, "कुणाला ऐकू येतं?" पहिल्या बाकावरची एकदोन मुलं हात वर करायची. मग त्याच कंप पावणाऱ्या काट्याचा दांडा टेबलावर टेकवायचो, आणि शेवटच्या बाकावरची पोरं दचकून वर बघायची. काटा तोच होता. टेबलाचं लाकूड मोठं असल्यामुळे ते पुष्कळ हवा हलवतं. रेकॉर्डरचा पत्रा लहान, त्यानं ९० हर्ट्झसारखा खालचा सूर हवेत फारसा जात नाही. सागवानी आडभिंत त्या मानानं केवढी तरी मोठी. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा मिळावा तशी तुमच्या रेकॉर्डरला ही भिंत मिळाली आहे. तुमची बाज त्या भोपळ्याला टेकलेली, म्हणून बाबा "डोक्यात लागते" म्हणतात. लाकडातून कंप सरळ कवटीच्या हाडापर्यंत जातो, त्यात उशी काय करणार? त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

आज रात्रीच बाज भिंतीपासून चार बोटं सरकवा. काही खर्च नाही.


पळस_फुलला | ३ मार्च, रात्री ८.४५

ओलितवाला भाऊ, टॉवेल काढलात ते फार चांगलं केलंत. मी वरोऱ्याकडची. माझं झालेलं सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं होणार नाही.

माझे बाबा ज्वारीचं जुनं बियाणं जपायचे. टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात त्यांची मुलाखत झाली होती, सात-आठ मिनिटांची. आम्ही ती रेकॉर्डरवर घेऊन ठेवली. पुढच्या वर्षी बाबा गेले. आई त्या खोलीत एकटी झोपायची आणि तिला बॉक्सच्या आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून ती रात्री त्यावर गोधडी टाकायची. मे महिना होता. मला कळलं तेव्हा आठ-दहा दिवस झाले होते. बॉक्समधून खट... खट... खट... असा ठरावीक अंतरानं आवाज येत होता आणि पडद्यावर डिस्क सापडत नाही असं लिहून येत होतं. दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनी सांगितलं की या बॉक्सचं रेकॉर्डिंग कुलूप लावल्यासारखं असतं, त्या बॉक्सशिवाय दुसरीकडे उघडत नाही, आणि डिस्क तर गेलीच.

बाबा चालता-बोलता दिसतील असा आमच्याजवळ तेवढाच तुकडा होता.

तुमच्या बॉक्समध्ये असं काही जिवाचं असेल तर आज टीव्हीसमोर मोबाईल धरून त्याचं चित्रण करून ठेवा. चित्र खराब येईल, चालेल.


अकोल्याची_लेक | ३ मार्च, रात्री ११.०५

पळसताई, वाचून गलबलून आलं. गोधडीनं हवेची भोकं बुजतात, आतली उष्णता आतच राहते. बहुतेक घरगुती डिस्क भोवतालची हवा ६० अंशांपर्यंत असेल तरच नीट चालेल अशा हिशोबानं बनवतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असतं, बंद बॉक्सच्या आत त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या हाताशी मुळातच फार थोडी जागा उरते. आवाजासाठी बॉक्स झाकायचा नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी. आणि ती ठरावीक अंतरानं येणारी खट-खट हे डिस्क मरणपंथाला लागल्याचं लक्षण असतं. तो आवाज दाबायच्या मागे लागू नये, त्या दिवशीच जे वाचवता येईल ते वाचवावं.

आता ओलितवाल्या दादांचा इलाज. सरांनी कारण सांगितलंच आहे. आपल्याला बॉक्स आणि लाकूड यांच्यामधली वाट तोडायची आहे, हवा मोकळी ठेवून. स्क्रू आवळल्यावर आवाज वाढला तो याचमुळे, फळी आणि आडभिंत आणखी एकजीव झाल्या आणि वाट पक्की झाली.

पहिलं म्हणजे बॉक्स त्या आडभिंतीवरून काढाच. मातीची भिंत मुकी आहे हे तुम्ही स्वतः ऐकलंत. तिच्यापुढे तिवई ठेवा, मागे वीतभर हवा सोडून. मातीच्या भिंतीतली देवळी वापरायचा मोह होईल, ती नको, तीन बाजूंनी बंद जागेत बॉक्स गुदमरतो. खोलीचा कोपराही टाळा, दोन भिंतींच्या बेचक्यात खालचा सूर घुमतो.

तिवईवर चार मऊ तुकडे, त्यावर एक जड फरशी, फरशीवर बॉक्स. कडप्पा चांगला. दीड फूट बाय एक फूट, पाऊण इंच जाडीचा तुकडा साधारण सहा-सात किलो भरतो. बॉक्स असेल तीनएक किलोचा. हलका बॉक्स एकटाच रबरावर ठेवला तर रबर दबतच नाही, आणि न दबलेलं रबर लाकडासारखंच वागतं. लोक फसतात ते इथेच. बाजारातून "अँटी व्हायब्रेशन" म्हणून टणक बुटकुळ्या आणतात, त्या वॉशिंग मशीनच्या वजनासाठी असतात, तीन किलोच्या बॉक्सखाली त्यांचा उपयोग शून्य.

किती दबलं पाहिजे याचा हिशोब सोपा आहे. वजन ठेवल्यावर तुकडे एक मिलिमीटर दबले तर त्या बैठकीची स्वतःची हलण्याची गती सुमारे १६ हर्ट्झ असते. अर्धा मिलिमीटर दबले तर सुमारे २२. आपला आवाज ९० चा, म्हणजे चौपट. एवढी तफावत असली की कागदावर पंधरावा हिस्साच कंप खाली उतरतो. प्रत्यक्षात रबर हलताना जास्त ताठ होतं, म्हणून तितकं मिळत नाही, पण फरक कानाला नक्की कळतो. उलट तुकडे इतके टणक असले की बैठकीची गती ९० च्या आसपास गेली, तर आवाज पूर्वीपेक्षा वाढेल.

तुकडे कशाचे, तर जुन्या स्लीपरच्या तळव्याचे. पूर्ण चप्पल किंवा रबराची अख्खी चादर घालू नका. दोन-दोन सेंटिमीटरचे चारच चौकोन. जागा जितकी कमी तितका दाब जास्त, तितके ते नीट दबतील. चारही एकाच चपलेचे घ्या, आणि टाचेकडचे घासलेले नकोत.

शेवटची गोष्ट वायरी. इतकं सगळं करून डिशची जाड वायर ताणलेली राहिली तर कंप तिच्यातून भिंतीला जातोच. प्रत्येक वायरीला बॉक्सजवळ सैल वळसा द्या.


सोयाबीन_९३०५ | ४ मार्च, सकाळी ७.३०

ताई, उचलण्याचं माझं चुकलं होतं, बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे काचेचं शोकेस आहे, त्यात बॉक्स. त्याची सरकती काचच वाजते. तिला काय करू?


टॉपलिंक | ४ मार्च, सकाळी ७.५०

सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी कापा, काच ज्या खाचेत सरकते त्या खाचेत दाबून बसवा. बस. पण बॉक्स शोकेसातून भायेर काढा भाऊ, वरच्या ताईंचं वाचलं ना.


ओलितवाला | ८ मार्च, रात्री ८.२०

चार दिवस ओलित आणि हरभरा काढणी एकदम आल्यानं लिहायला जमलं नाही. झालं ते सांगतो.

३ तारखेच्या रात्रीच बाज चार बोटं पुढे ओढली. बाबांना काही सांगितलं नव्हतं. सकाळी आपणहून म्हणाले, "आज डोकं हलकं वाटते." सर, तुमचे खरंच आभार.

मग फरशी. घरात कडप्पा नव्हता. मागच्या पडवीत आजीचा पाटा उभा करून ठेवलेला आहे, मिक्सर आल्यापासून वापरात नाही. वजनाला चांगला, म्हणून मी तो उचलून आणला, तर आई दारातच उभी राहिली. त्या पाट्यावर आजीनं आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाची पाचवी पुजली आहे, माझीसुद्धा. "त्याच्यावर टीव्हीचं सामान नाही ठेवायचं," म्हणाली. मला ते पटलं. पाटा पुसून जागच्या जागी ठेवला आणि दिग्रसला फरशीच्या दुकानातून कडप्प्याचा उरलेला तुकडा आणला. कडा धारदार होत्या, दगडावर घासून बोथट केल्या.

बाबांच्या जुन्या निळ्या स्लीपरमधून चार चौकोन कापले. ब्लेडनं कापताना कड तिरपी जाते, म्हणून पट्टी दाबून धरून दोन-तीन हलक्या हातांनी कापलं. तिवईवर ठेवले, वर फरशी, वर बॉक्स. पट्टीनं मोजलं तर आधी फरशीची खालची कड तिवईपासून १५ मिलिमीटर होती, बॉक्स-फरशीच्या वजनानं साडेचौदाच्या जवळ आली. पण एका बाजूला जास्त दबत होतं. बॉक्सचा पॉवर सप्लाय असलेली बाजू जड असावी. त्या बाजूचे दोन तुकडे बोटभर बाहेर सरकवले तेव्हा फरशी सम झाली.

काल संध्याकाळी सातला कीर्तनाचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम खोलीत बसलो. आडभिंतीला स्क्रू ड्रायव्हर लावला. काही नाही. तिवईच्या पायाला लावला तर अगदी बारीक. बाबा घोरत होते.

दोन गोष्टी उरल्या आहेत, मधूनच येणारी कटकट आणि पंख्याची खरखर.


अकोल्याची_लेक | ८ मार्च, रात्री ९.१५

मस्त झालं! जड बाजूचे तुकडे सरकवायचं मी सांगायला विसरले होते, तुम्ही बरोबर शोधलंत.

कटकट म्हणजे वाचणारं टोक तबकडीवर एका जागेहून दुसऱ्या जागी उडी मारतं त्याचा आवाज. अनियमित असेल तर काळजी नको, डिस्कचं काम चालू आहे. एकाच वेळी दोन रेकॉर्डिंग आणि तिसरं बघणं चाललं असेल तर उड्या वाढतात. बाबा झोपलेले असताना एकच रेकॉर्डिंग राहील असं लावा. काही जुन्या डिस्कमध्ये या उड्या संथ करण्याची सोय होती, पण ती संगणकाला जोडून करायची असते. कंपनीच्या बॉक्समध्ये त्याच्या नादी लागू नये.


डिशवाला_मूल | ८ मार्च, रात्री ९.४०

पंख्याची खरखर बहुतेक वेळा धुळीची असते. आपल्याकडे कापसाचं बारीक रुवं हवेत असतं, ते पात्यांना आणि जाळीला चिकटून बसतं. पण उघडण्याआधी बॉक्स कुणाच्या मालकीचा आहे ते कागदावर बघा. बरेच बॉक्स कंपनीचे असतात, आपल्याकडे फक्त वापरायला. सील तोडलं तर बदलून मिळत नाही. तसं असेल तर बाहेरूनच मऊ ब्रशनं जाळी झाडा, नाहीतर कंपनीचा माणूस बोलवा.

स्वतःचा असेल आणि उघडणारच असाल तर जपून. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. त्या बाजूला बोट नेऊ नका. पंखा ब्रशनं साफ करताना पातं बोटानं धरून ठेवा, फुंकणीच्या जोरानं गरागरा फिरू देऊ नका, बेरिंग खराब होतं. साफ करूनही खरखर राहिली तर बेरिंग कोरडं झालंय. मधला स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर काही महिने चालतो. टिकाऊ इलाज म्हणजे त्याच मापाचा नवा १२ व्होल्टचा पंखा. आवाज करतो म्हणून पंख्याची वायर काढून ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांचे बॉक्स उन्हाळ्यात परत माझ्याकडेच येतात.


ओलितवाला | ९ मार्च, सकाळी १०.००

बॉक्स कंपनीचा आहे, त्यामुळे उघडला नाही. बाहेरून जाळी झाडली, चिमूटभर रुवं निघालं. खरखर अर्धी झाली. आता बाबांना ऐकू येत नाही म्हणतात, आणि मला तेवढंच हवं होतं.


गोंदियाकर_धान | २१ मार्च, दुपारी १.२०

धागा आत्ता वाचला. आम्हाला असा रेकॉर्डर घ्यायचा आहे, पण आजीला आवाज अजिबात सहन होत नाही. घरी डीडी फ्री डिश आहे. बिनआवाजाचा काही मार्ग?


डिशवाला_मूल | २१ मार्च, संध्याकाळी ५.४५

आहे. फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्सना यूएसबीची जागा असते आणि त्यावर रेकॉर्डिंग करता येतं. विकत घेताना दुकानात पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करून बघा. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नाही, म्हणजे आवाजाचा प्रश्नच नाही. बाहेरून लावायची छोटी हार्ड डिस्क घेऊ नका, एक तर तीही फिरते, आणि बऱ्याच बॉक्सची यूएसबी तिला पुरेशी वीज देऊ शकत नाही, मग ती टक-टक करत बंद-चालू होत राहते.

सतत लिहून पेनड्राइव्हही झिजतो. आजीच्या आवडीचं काही असेल तर दुसरीकडे उतरवून ठेवा.


पळस_फुलला | १२ मे, रात्री ९.३०

दोन महिन्यांनी लिहिते. आईसाठी नवीन बॉक्स घेतला. या धाग्यात वाचलं तसंच, मातीच्या भिंतीपुढे स्टुलावर, कडप्प्यावर ठेवायचा आहे. भाऊ, तुमची फरशी नक्की किती मोठी आहे? आणि उन्हाळ्यात चपलेचे तुकडे मऊ पडले का? आमच्याकडे सध्या दुपारी दारात पाय ठेववत नाही.


ओलितवाला | १२ मे, रात्री १०.१०

ताई, फरशी ४५ बाय ३० सेंटिमीटर, जाडी २० मिलिमीटर. बॉक्सच्या चारही बाजूंनी थोडी बाहेर राहील एवढी घ्या, धक्का लागला तरी बॉक्स घसरत नाही.

तुकडे आज काढून पाहिले. जड बाजूचे दोन जास्त दबलेत, जवळजवळ दोन मिलिमीटर, आणि कायमचे बसलेत. स्लीपरची दुसरी चप्पल ठेवलेली आहे, त्यातून उद्या चारही नवे कापतो. तुम्ही सुरुवातीलाच आठ कापून ठेवा. आणि सकाळी अकरा ते पाच बॉक्स बंदच ठेवतो, त्या वेळात कुणी काही रेकॉर्ड करत नाही.

तुमचं वाचून त्याच आठवड्यात आईच्या भजनी मंडळाचा टीव्हीवर आलेला कार्यक्रम मोबाईलवर उतरवला होता. मामांच्या घरी, पुसदला, एक प्रत ठेवली आहे.